सहा जणींची भिंत

सोमवार, ३ तारीख

प्रशिक्षण केंद्राच्या मॅडमनी आज दोन वस्तू हातात दिल्या, केंद्राची किल्ली आणि एक जाड वही. वहीत रोज काय शिकवलं ते लिहायचं आणि शनिवारी त्यांना दाखवायचं. ती वही त्यांची. ही माझी, आणि ही कोणाला दाखवायची नाही.

जन्मभर लोकांच्या भिंतींना टाइल्स बसवल्या. गुडघे गेल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, आता बसा." बसून बसून आंबलो होतो, तेवढ्यात हे काम आलं. बायकांना टाइल्स बसवायला शिकवायचं. ऐकून आधी हसूच आलं, खोटं कशाला लिहू. बाईनं माल कालवायचा, घमेलं डोक्यावर घेऊन वर पोचवायचं आणि मिस्त्रीनं थापी चालवायची, हेच मी बघत आलो. माझी सूनबाई लग्न झाल्यापासून माझ्याच हाताखाली घमेली वाहत होती. या सहा जणींत तीही आहे. नाव आधी घातलं आणि मला नंतर सांगितलं.

बाकीच्या म्हणजे एक थोरली, नातवंडं असलेली. एक शिवणवाली. दोघी बहिणी, त्या एकमेकींना विचारल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाहीत. आणि एक रेडिओ. हे नाव मी ठेवलेलं नाही, बायकांनीच ठेवलं, कारण ती बंद होत नाही.

एकवीस तारखेला परीक्षा आहे. नव्या दवाखान्याचं काम ज्या कंपनीकडे आहे, तिचा साहेब येऊन बघणार. जी पास होईल तिला मिस्त्री म्हणून घेणार. जी नापास होईल तिला घमेलं आहेच.

मंगळवार, ४ तारीख

आज दातेरी थापी दिली. भिंतीला माल लावायचा, थापीच्या दातांनी त्यात रेघा ओढायच्या, टाइल दाबायची, रबरी हातोड्यानं हलकं ठोकायचं. मागं सगळीकडे माल पोचला की टाइल भरीव वाजते. कुठं रिकामं राहिलं की पोकळ वाजते, आणि पोकळ टाइल आज ना उद्या कोणाच्या तरी पायावर पडते.

सूनबाई डावरी. थापी मी तिच्या उजव्या हातात दिली, तिनं मुकाट्यानं डाव्यात घेतली. तिच्या रेघा सगळ्यांच्या उलट बाजूला वळतात. टाइलला त्याचं काय, म्हणून मी सोडून दिलं.

समजावताना मी म्हणालो, "हे घमेलं उचलण्याइतकं सोपं नाही बरं का."

रेडिओ म्हणाली, "मिस्त्री, तुम्ही उचललंय का कधी?"

सगळ्या हसल्या. सूनबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. मला ते लागलं.

संध्याकाळी त्या गेल्यावर मी एकेक टाइल ठोकून बघितली. थोरलीच्या सगळ्या पोकळ. बहिणींच्याही तशाच. सूनबाईच्या तर मडक्यासारख्या वाजत होत्या. उद्या सकाळी यांनी हा आवाज ऐकला की धीर सुटणार, परवा निम्म्या घरी बसणार आणि आठवड्यात केंद्राला कुलूप लागणार. लोक म्हणतील, म्हाताऱ्याला पोरी शिकवता आल्या नाहीत. माल पुरता धरायला रात्र लागते, तोवर टाइल निघते. मी काढल्या, जुना माल खरवडला, नवा लावून पुन्हा बसवल्या. रेडिओच्या तेवढ्या राहू दिल्या. गुडघे भरून आले होते, हे एक कारण. दुसरंही कारण आहे, ते इथं लिहीत नाही.

फाटकावर वॉचमननं विचारलं, "काही राहिलं होतं का मिस्त्री?" मी म्हणालो, "चष्मा." चष्मा नाकावरच होता.

बुधवार, ५ तारीख

सकाळी त्यांना आपापल्या टाइल्स ठोकायला लावल्या. सगळ्या भरीव. काय आनंद झाला बायकांना! थोरलीनं लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा टाइलवरून हात फिरवला. सूनबाईनं माझ्याकडे बघितलं आणि लगेच खाली बघितलं. घरात मी तिचं कौतुक कधी केलेलं नाही, म्हणून आज केलं. म्हणालो, "पहिल्या दिवशी माझाही हात एवढा बसला नव्हता." तिचे कान लाल झाले.

हे बोलायला नको होतं. पण बोललेलं काही परत घेता येत नाही.

रेडिओच्या बहुतेक पोकळ निघाल्या. बायकांनी चिडवलं. तिनं एक टाइल उचकटली आणि तिची पाठ बघत बसली. एवढा माल वाया.

सोमवार, १० तारीख

रोज उशीर होतो. आज आमची ही म्हणाली, "वर्ग चारला सुटतो ना? सूनबाई तर केव्हाच आली."

मी म्हणालो, "आवराआवर असते."

ही भांडी पुसत म्हणाली, "तुम्ही मला जन्मात एक खिळा ठोकू दिला नाहीत. मी हातोडी घेतली की म्हणायचात, दे इकडे, बोट ठेचशील. अजून येत नाही मला."

"पण बोट ठेचलं नाही ना?"

"नाही. तेही खरंच."

ही अधूनमधून असं मधेच काहीतरी बोलते. मॅडम मात्र खूष आहेत. पाहुण्यांना घेऊन आल्या होत्या, भिंत दाखवली. पाहुणे म्हणाले, इतक्या लवकर इतकी सफाई! मी हात मागं बांधून उभा राहिलो, कारण बोटांच्या पेरांना वाळलेला माल चिकटलेला होता.

शुक्रवार, १४ तारीख

आज फार वाईट केलं.

दुपारी सूनबाई हळूच म्हणाली, "बाबा, मी बसवते तेव्हा आवाज जरा भुसभुशीत वाटतो. सकाळी बघावं तर एकदम टणटणीत. असं कसं होतं?"

पोरीचा कान चांगला आहे. तेव्हाच सांगायला हवं होतं. सगळ्या जणी वळून बघत होत्या. मी म्हणालो, "माल रात्रीतून धरतो. धरला की आपोआप भरीव होतं."

मला शिव्या द्या, मी नवशिक्याला झापलं असेल, घरमालकाला दोन दिवस उशीर केला असेल, पण धंद्याबद्दल खोटं मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मागं जागा रिकामी राहिली तर ती रिकामीच राहते. रात्रीत तिथं माल कुठून येणार? थोरलीनं मान डोलावली आणि पाठ करावं तसं पुटपुटली, "रात्रीतून धरतो, मग भरीव होतं." ते ऐकून मी पाण्याचं निमित्त करून बाहेर गेलो.

रेडिओ म्हणाली, "माझ्या नाही होत भरीव रात्रीतून."

मी म्हणालो, "तुझं तोंड बंद झालं की होतील."

ती सध्या टाइल दाबताना जरा मागंपुढं सरकवते आणि माल कोपऱ्यापर्यंत नेते. हे मी तिला शिकवलेलं नाही. उचकटून उचकटून काढलं असेल शोधून. तिच्या पोकळ कमी झाल्यात. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता.

सोमवार, १७ तारीख

परीक्षा चार दिवसांवर आली. आजपासून काढून बसवणं बंद करायचं असं ठरवून गेलो होतो. संध्याकाळी ठोकून बघितलं. थोरलीच्या अजून बहुतेक पोकळ. सूनबाईच्या जवळजवळ सगळ्या. पहिल्या दिवशी होत्या तशाच. सुधारणार तरी कशाच्या जिवावर? त्यांना कोणी सांगितलंय चुकतं म्हणून?

आता या घडीला सांगितलं तर मोडून पडतील. म्हणून आजही बसवल्या. परीक्षेच्या दिवशी माणसाचा हात आपोआप जपून चालतो, असं मनाला सांगत घरी आलो.

शुक्रवार, २१ तारीख

झालं ते लिहून टाकतो. नाहीतर उद्या मी स्वतःलाच काहीतरी दुसरं सांगेन.

दवाखान्याच्या तळमजल्यावर सहा बाथरूम, प्रत्येकीला एक भिंत. मॅडम आणि मी दाराशी. साहेब तरुण होता, बोलायला सौम्य. दुपारी एक लाकडी काठी घेऊन आला आणि ठोकायला लागला. पहिली भिंत बहिणींतल्या धाकटीची. ठोकलं की पोकळ, पुन्हा ठोकलं की पोकळ. थोरलीच्या भिंतीपाशी तर त्यानं काठी खालीच घेतली.

"आजी, या सगळ्या पोकळ आहेत."

थोरली जराही घाबरली नाही. त्याला धीर देत म्हणाली, "साहेब, आत्ता नका बघू. उद्या सकाळी या. माल रात्रीतून धरतो, मग भरीव होतं."

साहेबाच्या मागं उभे असलेले दोघं मिस्त्री हसले. साहेब हसला नाही. त्यानं विचारलं, "हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"आमच्या मिस्त्रींनी," असं ती अभिमानानं म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं.

साहेब माझ्याकडे वळला. ते दोघंही वळले, त्यांतला एक कधीकाळी माझ्या हाताखाली होता. मी म्हणालो, "वय झालंय त्यांचं. ऐकण्यात काहीतरी चूक झाली असेल."

थोरलीचा हात तसाच माझ्याकडे राहिला. मग तिनं तो हळूहळू खाली घेतला. पलीकडच्या दारात सूनबाई थापी घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

एकटी रेडिओ पास झाली. साहेबानं तिची भिंत दोनदा ठोकून बघितली आणि विचारलं, "तुम्ही यांच्याच वर्गात होता?"

शनिवार, २२ तारीख

जेवताना मुलगा म्हणाला, "बाबा तीन आठवडे शेजारी उभे, तरी नापास? मग हे तुझं काम नाहीच." त्यानं एका मुकादमाशी बोलून ठेवलंय. पुढच्या शुक्रवारपासून सूनबाई पुन्हा घमेलं उचलणार.

सूनबाई ताटाकडे बघत म्हणाली, "बाबांनी पुष्कळ सांगितलं. माझाच हात बसला नाही."

मी घास गिळला. लोक म्हणतात तसा अडकला वगैरे नाही, सरळ गिळला गेला. त्याचीच जास्त लाज वाटते.

सोमवार, २४ तारीख

केंद्राची भिंत पुढच्या बायकांसाठी मोकळी करायची होती. मॅडमनी सगळ्यांनाच बोलावलं होतं. रेडिओसुद्धा आली. ती दवाखान्यात लागली, पण दुपारपर्यंत सुट्टी मागून आली. एरवी टाइल्स काढायचं काम मी एकट्यानं उरकलं असतं, पण सूनबाई माझ्या आधीच पोचून छिन्नी घेऊन बसली होती.

टाइल निघते तेव्हा माल फाटतो आणि थापीच्या रेघांचा माग कडेला दिसतो. तिनं आपल्या ओळीतल्या दोन काढल्या, तिसरी काढली आणि थांबली. बोट रेघेवरून फिरवलं. मग डावा हात हवेत तसाच फिरवून बघितला.

"बाबा," ती म्हणाली, "हा हात माझा नाही."

मी म्हणालो, "एखादी दाखवताना मी बसवली असेन."

तिनं चौथी काढली, पाचवी काढली. मग उठून थोरलीच्या ओळीतली काढली, शिवणवालीच्या ओळीतली काढली. सगळीकडे त्याच रेघा, सरळ, एका अंतराच्या, उजवीकडे जरा वर चढलेल्या. माझा हात असाच चढतो, गेली कित्येक वर्षं. फक्त रेडिओच्या ओळीखाली रेडिओच होती, आधी सगळी गिचमिड आणि मग हळूहळू सुधारत गेलेली.

कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. थोरली पुढं आली. तिनं साधंच विचारलं, "मिस्त्री, या भिंतीवर माझी एक तरी आहे का हो? असेल तर दाखवा. मी घरी घेऊन जाते."

मी भिंतीकडे बघितलं. मला माहीत नव्हतं. मी रोज फक्त पोकळ कुठली ते ऐकलं. तिची कुठली, कशी, तिचा हात कुठं अडतो, हे मी एक दिवस बघितलं नव्हतं. म्हणालो, "नाही सांगता येत."

"आणि ते रात्रीतून भरीव होतं?"

"होत नाही."

"म्हणजे मी नीट ऐकलं होतं."

"हो. नीटच ऐकलं होतंत."

तिनं थापी धुतली, पुसली, जागेवर ठेवली आणि गेली. बाकीच्याही एकेक करून गेल्या. सूनबाईनं राहिलेली भिंत एकटीनं मोकळी केली. मी मदतीला हात पुढं केला तर म्हणाली, "नको."

किल्ली मॅडमच्या टेबलावर ठेवली. काय झालं ते त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. त्यांनी किल्ली खणात ठेवली. मग म्हणाल्या, "तुम्हाला त्यांची दया आली होती का?" मी हो म्हणालो. घरी येताना वाटलं, तेही पुरतं खरं नाही. त्या शिकतील असं मला वाटलंच नव्हतं. सुरुवातीपासून.

बुधवार, २६ तारीख

थोरलीच्या घरी गेलो होतो. दार नातवानं उघडलं. आतून आवाज आला, "सांग, आजी झोपली आहे."

गुरुवार, २७ तारीख

सकाळी दारात रेडिओ. मुलगा कामावर निघायच्या घाईत होता. तिनं चपला काढल्या न काढल्या तोच बोलायला लागली.

"साहेबानं मला एक हाताखालचं माणूस घ्यायला सांगितलंय. माझ्या पसंतीचं. मी हिला न्यायला आलेय. कागदावर हाताखालची, पण थापी हिच्या हातात देणार. पुढच्या परीक्षेला बसवणार."

सूनबाई आतल्या दाराशी उभी होती. तिची पिशवी भरलेली होती. हे दोघींचं आधीच ठरलं असावं.

मुलगा म्हणाला, "हे बघा ताई, तिचं काम ठरलंय उद्यापासून. आणि बाबांसारख्या माणसानं तीन आठवडे शिकवून जिला जमलं नाही, तिला तुम्ही काय शिकवणार? तुम्ही काल शिकलात."

रेडिओनं माझ्याकडे बघितलं. सूनबाईनंही बघितलं. तिनं नवऱ्याला अजून काही सांगितलं नव्हतं, आणि सांगणारही नव्हती, हे मला त्या क्षणी कळलं. मी आता गप्प बसलो असतो तर ती पिशवी रिकामी करून शुक्रवारी मुकादमाकडे गेली असती, आणि माझा मान घरात शाबूत राहिला असता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून तिनं झाकलंच असतं.

मी म्हणालो, "मी तिला शिकवलेलं नाही."

"म्हणजे?"

"तिच्या टाइल्स पोकळ निघायच्या. मी तिला कधी सांगितलं नाही. ती घरी आली की मी काढून बसवायचो आणि सकाळी तिला शाबासकी द्यायचो. ती नापास झाली ती माझ्यामुळे. थोरलीबद्दल मी साहेबासमोर खोटं बोललो, तेही तिनं ऐकलंय. तरी तिनं तुला सांगितलं की तिचाच हात बसला नाही."

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. लहानपणी खोटं बोलला म्हणून मी त्याला मारलं होतं, तेव्हा तो असाच बघत राहिला होता. मग तो बायकोला म्हणाला, "तुला जायचंय?"

"जायचंय," ती म्हणाली.

तो गाडीची किल्ली घेऊन निघून गेला. ही स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. तिनं रेडिओला चहा आणून दिला, मला दिला नाही.

चपला घालताना रेडिओनं विचारलं, "मिस्त्री, माझ्या का नाही हो बसवल्यात?"

तू हुशार होतीस म्हणून, असं ओठांवर आलं होतं. छान शोभलंही असतं. म्हणालो, "तू कंटाळून निघून जावीस म्हणून."

"वाटलंच मला," ती म्हणाली. "बघा, तुमचा राग माझ्या कामी आला आणि तुमची माया हिच्या अंगाशी आली." आणि बोलत बोलतच जिना उतरली. सूनबाई तिच्या मागून गेली.

संध्याकाळी सूनबाई आली. बोटं कापलेली, केसांत माल. हिनं पाणी दिलं आणि विचारलं, "काय केलंस गं आज?"

"चार बसवल्या. चारही पोकळ. तिनं चारही काढायला लावल्या, म्हणाली, पाठ बघ. मग परत बसवल्या, त्यातल्या तीन पोकळ."

"अगंबाई!" ही म्हणाली.

"म्हणजे एक भरीव, आई," सूनबाई म्हणाली, आणि हसली. तोंडाला पदर लावायचंही तिच्या ध्यानात राहिलं नाही.

राहिलेल्या तीन कुठं पोकळ होत्या, कोपऱ्यात की मधोमध, हा प्रश्न माझ्या तोंडापर्यंत आला होता. त्यावरून मी लगेच सांगितलं असतं की हात कुठं हलका पडतोय. पण मला कोणी विचारलं नव्हतं.